मिस्टरी मशीनची छोटी गाडी: अस्सल कशी ओळखावी, आणि खाडीकाठच्या घरात कशी जपावी?

ऐरोलीकर यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार.

1995 मध्ये कार्टून नेटवर्क भारतात आले तेव्हा आम्ही ठाण्यात चरईला राहत होतो आणि आमच्या घरी केबल नव्हती. पुढे काही वर्षांनी शेजारच्या काकूंकडे ती आली, आणि त्यांच्या उंबऱ्याशी बसून मी स्कूबी-डू पाहू लागलो. शेवटची पाच मिनिटे उरली की, म्हणजे नेमके भुताचा मुखवटा उतरवायच्या वेळी, काकू न चुकता बातम्या लावत. त्यामुळे गुन्हेगार कोण होता हे मला कित्येक भागांत आजतागायत कळलेले नाही. त्यातल्या मंडळींच्या ‘मिस्टरी मशीन’ नावाच्या निळ्या-हिरव्या, नारिंगी फुलांच्या व्हॅनचे चित्र मात्र डोक्यात पक्के बसले.

गेली दोन वर्षे मी डायकास्ट, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेल्या छोट्या खेळण्यातल्या गाड्या जमवतो आहे. खर्च आटोक्यात राहावा म्हणून स्वतःला एक नियम घालून घेतला आहे: गाडी दूरचित्रवाणीवरच्या कार्टूनमधलीच हवी, चित्रपटातली किंवा शर्यतीतली नको. आजवर अकरा गाड्या जमल्या आहेत. त्यांत फ्लिंटस्टोन कुटुंबाची दगडी चाकांची गाडी आहे, जेटसन मंडळींचे उडते वाहन आहे, आणि मागच्या महिन्यात हॉट व्हील्स या खेळण्यांच्या ब्रँडची मिस्टरी मशीनही आली. ही शेवटची गाडी मी एका विक्रेत्याकडून ऑनलाइन, मूळ पाकिटाच्या पुठ्ठ्याच्या कार्डाशिवाय, सोळाशे रुपयांना घेतली. ‘2012 सालची, पहिल्या आवृत्तीची’ असे त्याने सांगितले होते आणि पुरावा म्हणून गाडीच्या तळावर कोरलेल्या सनाचा फोटो पाठवला होता.

गाडी हातात आल्यावर मात्र शंका येऊ लागली. काचेच्या कपाटात मी ती 1:64 प्रमाणातल्या एका साध्या सेदान गाडीशेजारी ठेवली, तर दोघींची लांबी जवळजवळ सारखीच भरली आणि उंचीतही फारसा फरक दिसेना. माझा नऊ वर्षांचा मुलगा बराच वेळ टक लावून पाहत राहिला आणि म्हणाला, “बाबा, ह्यात चार माणसं आणि तो एवढा मोठा कुत्रा बसणार कुठे?” मला उत्तर देता आले नाही. प्रमाण चुकले आहे म्हणजे गाडी नकली आहे, असे समजावे का?

दुसरा प्रश्न जपणुकीचा आहे. आमचे घर खाडीच्या बाजूला आहे आणि खिडकी उघडली की खारा, दमट वारा थेट आत येतो. या पावसाळ्यात दोन गाड्यांच्या एक्सलवर तांबूस डाग दिसले, आणि एका बंद पाकिटाचे कार्ड पापडासारखे वळले. कपाट बदलावे की जागा, हे कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे.

नौपाडेकर यांचे उत्तर

आपल्या मुलाचा प्रश्न आपल्या प्रश्नापेक्षा अधिक अचूक आहे, म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो.

1:64 याचा अर्थ खऱ्या गाडीची लांबी चौसष्टाने भागायची. मारुती 800 ची लांबी 3.335 मीटर, म्हणजे तिचे मॉडेल सव्वापाच सेंटीमीटरच्या आत हवे. ठाण्याच्या रस्त्यांवर धावणारी बारा मीटरची बस याच प्रमाणात पावणेएकोणीस सेंटीमीटरची होईल. आता हॉट व्हील्सच्या नेहमीच्या कार्डाकडे पाहा: त्या प्लॅस्टिकच्या फुगवट्यात सात-साडेसात सेंटीमीटरपेक्षा फार मोठे काही मावत नाही. त्यामुळे छोटी गाडी थोडी फुगवली जाते, मोठी आवळली जाते, आणि बस असो की मोटार, सगळ्या एकाच साच्याच्या पाकिटात जाऊन बसतात. या मेनलाइन, म्हणजे नेहमीच्या स्वस्त मालिकेतल्या गाड्यांपुरते 1:64 हे ढोबळ नाव आहे; मोजपट्टी लावून तपासण्याचे प्रमाण नव्हे.

हे झाले खऱ्या गाड्यांचे. कार्टूनमधल्या गाडीबाबत तर अडचण आणखी मुळाशी आहे, कारण भागायचे कशाला हेच ठाऊक नसते. मिस्टरी मशीन पहिल्यांदा दिसली ती 13 सप्टेंबर 1969 रोजी, सीबीएस वाहिनीवर, आणि ती कोणत्या कंपनीची व्हॅन आहे हे मालिकेने सांगितले नाही. साठच्या दशकातल्या अमेरिकी पॅनेल व्हॅनचा तोंडवळा तिला आहे, एवढेच खात्रीने म्हणता येते. हॅना-बार्बेरा ही निर्मितीसंस्था कमी खर्चात, कमी चित्रांत काम उरकण्याबद्दल प्रसिद्ध होती. तीच चित्रे, तीच पार्श्वभूमी पुन्हा पुन्हा वापरली जाई. चित्रकाराला ज्या दृश्यात जेवढी जागा लागे तेवढी ती व्हॅन मोठी होई. पाचही जण पुढच्या एकाच बाकावर ओळीने बसलेले आपण पाहिले आहेत, आणि मागचे दार उघडले की आत सामानसुमानासह खोलीएवढी जागा निघालेलीही पाहिली आहे. ही दोन्ही दृश्ये एकाच गाडीत बसवायची तर सुताराला बोलवावे लागेल! तेव्हा मुलाला सांगा, की ती मंडळी खऱ्या व्हॅनमध्येही मावली नसती. ती फक्त कागदावर मावत होती.

म्हणूनच या प्रकारच्या संग्रहात मला खरा रस वाटतो. फेरारीचे मॉडेल करणाऱ्याकडे फेरारी असते. जेटसनांच्या वाहनाला चाकेच नाहीत, आणि जमिनीवर पळवायच्या खेळण्याला ती द्यावीच लागतात. फ्लिंटस्टोनांच्या गाडीला इंजिन नाही, ती पायांनी पळते, मग खाली पत्रा बसवायचा तरी कुठे? अशा ठिकाणी कारखान्यातल्या रचनाकाराने काय तोडगा काढला, हे मी प्रत्येक गाडी उलटी करून आधी पाहतो. कॉर्गी कंपनीने 1969 मध्ये पॉपायची ‘पॅडल वॅगन’ काढली, तेव्हा तिने हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला होता. गाडीवर पॉपाय आणि त्याची मंडळी बसवली आणि गाडी ढकलली की आकृत्या हलतील अशी सोय केली. त्यामुळे प्रमाणाकडे कोणाचे लक्षच जात नाही.

आता अस्सल-नकलीकडे येतो. आपल्या विक्रेत्याने दाखवलेला सन हा पुरावा नाही. तळावर कोरलेला तो सन त्या कास्टिंगच्या, म्हणजे साच्यातून निघणाऱ्या मॉडेलच्या रचनेचा, स्वामित्वहक्काचा असतो, आणि तोच साचा वापरून दहा वर्षांनी गाडी काढली तरी तळावर बहुधा तोच आकडा राहतो. मिस्टरी मशीनचे हे कास्टिंग 2012 मध्ये आले हे खरे. पण त्यानंतर ते पुन्हा पुन्हा निघाले आहे. उत्पादनाची तारीख पाहायची असेल तर तळावर एक अक्षर आणि दोन आकडे असलेला बारीक ठसा शोधा. अक्षर सनाचे, आकडे त्या वर्षातल्या आठवड्याचे. 2008 साठी ए, मग क्रमाने बी, सी, डी. आय आणि ओ ही अक्षरे गाळलेली आहेत, कारण ती एक आणि शून्य यांच्यासारखी दिसतात. या हिशेबाने 2012 ला ई येते आणि 2016 ला जे. ठसा अस्पष्ट असतो, म्हणून गाडी तिरपी धरून दिव्याचा उजेड बाजूने पाडा.

मग रिव्हेट पाहा. धातूचा भाग आणि तळ यांना जोडणारे गोल ठोकळे कारखान्यात दाबून चपटे केलेले असतात. त्यांच्या मध्यभागी ड्रिलचे भोक, स्क्रू किंवा गोंदाचा चकाकता थेंब दिसला तर गाडी कोणीतरी उघडलेली आहे. शेवटी बाजूवरची अक्षरे आणि फुले भिंगाखाली बघा. कारखान्यातली छपाई टॅम्पो पद्धतीची असते, म्हणजे सिलिकॉनच्या मऊ गादीने शाई उचलून पृष्ठभागावर टेकवलेली. अशा छपाईला कडेची जाडी नसते. नखाला कड लागली तर तो स्टिकर समजावा.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. स्कूबी-डू सुरू होण्याच्या बरोबर एक आठवडा आधी, 6 सप्टेंबर 1969 ला, एबीसी वाहिनीवर हॉट व्हील्सच्याच नावाची कार्टून मालिका सुरू झाली होती. टॉपर या प्रतिस्पर्धी खेळणी-कंपनीने तक्रार केली, की हा कार्यक्रम म्हणजे अर्ध्या तासाची जाहिरात आहे, आणि अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने त्या तक्रारीची दखल घेतली. म्हणजे खेळण्यावरून कार्टून आणि कार्टूनवरून खेळणे, ही दोन्ही टोके एकाच महिन्यात हजर होती, फक्त त्यांची गाठ पडायला त्रेचाळीस वर्षे लागली.

नेरुळची वाचक यांचे उत्तर

नौपाडेकरांनी गाडीच्या पोटातले सांगितले. मी कपाटातले सांगते, कारण त्या बाबतीत मी फी भरून शिकले आहे.

पाच-सहा वर्षांपूर्वी मी माझ्या चौदा गाड्या आईच्या लोखंडी कपाटात, पैठण्यांच्या खालच्या कप्प्यात ठेवल्या होत्या. जागा अंधारी, कोरडी, धूळ नाही. यापेक्षा चांगली जागा घरात नव्हती. दिवाळीला त्या बाहेर काढल्या तेव्हा काही गाड्यांच्या काचा मोतीबिंदू झाल्यासारख्या धुरकट झाल्या होत्या, आणि ज्या पारदर्शक डब्यात त्या होत्या त्याच्या तळाला खळगे पडून तो चिकट झाला होता. कारण शोधायला वेळ लागला नाही, कारण कारणाचा वास येत होता. आईने साड्यांसाठी डांबरगोळ्या टाकल्या होत्या. नॅफ्थलीनची वाफ पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकला मऊ करते, आणि खेळण्यांच्या काचा व असे पारदर्शक डबे पुष्कळदा त्याच प्लॅस्टिकचे असतात. आई म्हणाली, “साड्या तरी वाचल्या ना?” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

आपल्या गाड्यांवरच्या तांबूस डागांविषयी बोलायचे, तर तो गंज गाडीच्या अंगाचा नाही. अंग झॅमॅक या मिश्रधातूचे असते; जस्त, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबे यांच्या जर्मन नावांची आद्याक्षरे जोडून ते नाव झाले आहे. त्यात लोखंड हा घटक नाही, त्यामुळे त्याला तांबडा गंज चढत नाही. फार तर पांढुरकी पूड येते. गंजतो तो पोलादी एक्सल. कोरड्या मऊ ब्रशने पूड झाडून, कानकोरणीच्या कापसावर शिवणयंत्राच्या तेलाचा अगदी पुसटसा हात लावून तो एक्सलवरून फिरवावा. तेल थेंबाने सोडू नये. ते चाकात उतरते आणि मग वर्षभर धूळ गोळा करते.

जुन्या, दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या गाड्या कोणी विकायला आणल्या तर त्यांच्या अंगावरच्या भेगा मात्र नीट पाहाव्यात. त्या काळी धातूत शिशाची भेसळ राहून जाई, आणि मग दमट हवेत तो धातू आतून फुगून तडकत जातो. संग्राहक त्याला जस्ताची कीड म्हणतात. त्यावर इलाज नाही. आपल्या अकरा गाड्यांना ही भीती बाळगण्याचे कारण नाही.

ऐरोली काय, नेरुळ काय, खाडी आपल्याला सोडत नाही. म्हणून जागा बदलण्याच्या फंदात पडू नका, हवा बदला. झाकणाला रबराची कड असलेला, स्वयंपाकघरात डाळ-तांदूळ ठेवतो तसा हवाबंद डबा घ्यावा, आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, आणि जूनच्या पहिल्या पावसाआधी कोरड्या दुपारी गाड्या आत घालून झाकण लावावे. पावसाळी हवा आत कोंडून झाकण लावले तर पुड्यांचा निम्मा जीव त्या पहिल्या दिवशीच खर्ची पडतो. रंग बदलणारे दाणे मिळाले तर उत्तम. निळे दाणे गुलाबी झाले की त्यांनी पाणी प्यायले असे समजावे. मी ते मंद आचेच्या ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा वापरते, मात्र त्यासाठीचे भांडे वेगळे ठेवले आहे आणि त्यात अन्न कधीही शिजवत नाही.

मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पिशव्या टाळाव्यात. त्यांतले तेलकट द्रव्य रंगावर उतरते आणि पिशवी गाडीला चिकटते. वळलेल्या कार्डाला इस्त्री करू नये. हे लिहावे लागते आहे, कारण मी ती केली होती.

कळवेकर यांचे उत्तर

वरच्या दोन्ही उत्तरांत चुकीचे काही नाही, पण नौपाडेकरांचा तळावरच्या ठशावर असलेला विश्वास मला जरा जास्त वाटतो. तो ठसा तळाची जन्मतारीख सांगतो. वरचे अंग त्याच तळाचे आहे याची हमी देत नाही. दोन गाड्या उघडून जुन्या गाडीचा तळ ताज्या अंगाला बसवणारे लोक आहेत, आणि त्यांचे हात सफाईदार असतात. म्हणून रिव्हेट आधी आणि ठसा नंतर, हा क्रम ठेवावा.

मुळात पहिल्या आवृत्तीचा हा हट्ट कशासाठी, हेही एकदा स्वतःला विचारावे. आपण लहानपणी पाहिलेल्या व्हॅनशी जवळीक हवी असेल, तर नंतरच्या संग्राहकांसाठीच्या मालिकांत निघालेल्या, रबरी चाकांच्या आवृत्त्या दिसायला सरस असतात. ‘जाडा’ नावाच्या कंपनीची 1:24 मधली मिस्टरी मशीन तर मालिकेतला शॅगी आणि त्याचा कुत्रा स्कूबी यांच्या आकृत्यांसह मिळते. आपल्या चिरंजीवांच्या प्रश्नाचे निदान निम्मे उत्तर त्यात आहे.

किमतीबद्दलही थोडे लिहितो. खेळण्यांवरचे आयातशुल्क फेब्रुवारी 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 टक्के झाले आणि 2023 मध्ये 70 टक्के. शिवाय 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. ही कारणे सांगून दुय्यम बाजारातले विक्रेते वाटेल तो भाव लावतात, आणि आयएसआय चिन्ह नाही म्हणजे माल नकली, अशीही एक समजूत पसरली आहे. सक्तीच्या आधीच्या कार्डांवर ते चिन्ह कुठून असणार? उलट कोणी 2012 चे म्हणून दिलेल्या कार्डावर ते ठळक छापलेले असेल, तर शंका तिथे घ्यावी.

सोळाशे रुपये मला जास्त वाटतात. पण काकूंच्या उंबऱ्याचा भाव त्यात धरला असेल, तर मी बोलणारा कोण?

ऐरोलीकर यांचा पुढील मजकूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री जेवणे आटोपल्यावर आम्ही दोघे बापलेक भिंग आणि मोबाइलचा दिवा घेऊन बसलो.

कळवेकरांच्या क्रमाने आधी रिव्हेट पाहिले. ते अखंड आहेत, भोक किंवा गोंद काही नाही. छपाईच्या कडेला नख लागत नाही. एका नारिंगी फुलाची पाकळी दाराच्या खाचेवर थोडी सरकलेली आहे, आणि दुसऱ्या बाजूला तसे नाही. हे गादीने टेकवलेल्या छपाईचेच लक्षण असावे असे मी धरून चाललो आहे. ठसा शोधायला मात्र पंधरा मिनिटे लागली. तो मुलालाच आधी दिसला. अक्षर ई नाही. त्याच्या बऱ्याच पुढचे आहे. म्हणजे गाडी अस्सल आहे आणि विक्रेत्याचे बोलणे नकली आहे.

मी त्या विक्रेत्याला ठशाचा फोटो पाठवून, सभ्य भाषेत, त्याचा अर्थ कळवला. त्याने आधी ‘सगळे असेच विकतात’ असे उत्तर दिले आणि आज सकाळी सातशे रुपये परत पाठवले. गाडी मी ठेवून घेतो आहे.

नेरुळच्या ताईंचे उत्तर वाचून पत्नीने उठून कपाटाचा वरचा कप्पा उघडला, आणि माझ्या जुन्या स्वेटरमागे ठेवलेल्या चार डांबरगोळ्या काढून माझ्यासमोर ठेवल्या. त्या तिथे आहेत हे मला माहीत नव्हते. जेटसनांच्या वाहनाचा पारदर्शक घुमट मी लगेच उजेडात धरून पाहिला. एका बाजूला किंचित धूसरपणा आहे, पण तो आधीपासून होता की काय, हे आता सांगता येत नाही. हवाबंद डब्यासाठी रविवारी वाशीला जाणार आहे. नऊ इंच बाय बाराच्या डब्यात अकरा गाड्या मावतील का, की मिस्टरी मशीनला वेगळा डबा घ्यावा, एवढे कोणी सांगितले तर बरे होईल.

नेरुळची वाचक यांचे उत्तर

मावतील. गाड्या एकमेकींना घासू नयेत म्हणून प्रत्येकीला साध्या सुती कापडात गुंडाळावे, आणि ते कापड नवे असेल तर आधी दोनदा धुऊन खळ काढून टाकावी. घुमटाचा आज एक फोटो काढून ठेवा. महिन्याने त्याच उजेडात दुसरा काढला की धूसरपणा वाढतो आहे का ते कळेल.